दुसरी फोड

पौषात आळी केली सुलक्षाने,
विहिरीपासून सात पावलांवर, मोजून.
त्याहून लांब कळशी नेली
की हिंदकळून अर्धी वाटेतच सांडते.

तिला चव कळत नाही, दोन वर्षं झाली.
एका तापात गेली. ताप उतरला, ती परतली नाही,
फेरीत विसरलेल्या छत्रीसारखी.
"असेल कुणाकडे तरी," म्हणते,
"वापरत असेल कुणीतरी."

मी छत्तीस वर्षं दिवाडीची फेरी चालवली.
झाडांतलं मला काही कळत नाही.
माझं काम एकच, चाखायचं.

बी कार्मेलिनने दिलं, तिच्या चोडणच्या माहेरचं,
तपकिरीच्या डबीत, राखेत घोळवून.
वर बजावलं,
"तान लागूंक दिवं नाका. तानेली वेल कडू जाता."

म्हणून सूर्याच्या आधी पाणी,
आणि इगर्जीची सांजघंटा झाली की पुन्हा.
बुधवारी, शनिवारी नुसतं धुतलेलं पाणी,
त्यावर मांजरांशी भांडण.
फाटक्या जाळ्याचा मांडव, चार बांबू,
आणि पाठीला बोटभर काकडी बांधूनच
उमलणारी पिवळी फुलं.
ती दाखवायची, मी मान हलवायचो.

चैत्रात पहिली काकडी उतरली.
देठाचा तुकडा कापून तिने
गोल गोल घासला, पांढरा फेस काढला,
आई काढायची तसा. मीठ लावलं. फोड पुढे केली.
"गोड?"
जिभेच्या मुळापर्यंत कडू.
"गोड," म्हटलं.

मग मी पेन्शनच्या कागदासाठी दोन दिवस पणजीत अडकलो,
इकडे तिचा गुडघा सुजला, कळशी उचलेना,
वेलींनी माना टाकल्या.
त्यानंतरच्या सात काकड्या
मी एकट्याने खाल्ल्या.
गोड. गोड. हो, गोड आहे.
इतकं खोटं उभ्या नोकरीत बोललो नाही,
"सुटतेच आता, पाच मिनिटांत"
एवढं सोडून.

न्हाणीच्या पाटाजवळ एक वेल आपोआप रुजली होती.
तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
आमच्या दोघांच्या अंघोळीचं पाणी
तिच्या मुळाशी जात होतं, रोज, न चुकता.
परवा दुपारी त्या वेलीची काकडी कापली.
"गोड?"

आता काय सांगू?
तो शब्द मी आठ कडू काकड्यांवर
खर्चून बसलो होतो.
"या वेळी खरंच" म्हणावं
तर मागच्या आठही उघड्या पडतात.
"गोड," म्हटलं, नेहमीच्याच आवाजात.

तिने सुरी खाली ठेवली.
जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली,
लंगडत न्हाणीमागे गेली,
सगळ्यात जाड काकडीच्या देठाला बांधली.
"ही बियाला राहू दे. तोडायची नाही."

"पण तुला कसं..."

"दुसरी फोड घेतलीत तुम्ही.
न विचारता."

ताटलीत पाहिलं.
तिसरीही माझ्या हातात होती.

म्हणजे आठही वेळा तिला ठाऊक होतं.
तरी विचारत राहिली, तरी पाणी घालत राहिली.
मी काही बोलणार, तेवढ्यात
पायरीवर बसली, पाय लांब केला, म्हणाली,
"कशी आहे, सांगा नीट.
गोड म्हणू नका."

मी सांगायला लागलो.
पहाटेची पहिली फेरी मधोमध असते,
गाडी एकही नाही, धुकं,
इंजिन जरा मंद केलं की पाण्यावरून
एक वास येतो, हिरवा, ओला...

"खारा?"
"नाही. खाऱ्याच्या आधीचा."

"हं," म्हणाली. डोळे मिटले.
अंगठ्यावरचा फेस वाळत आला होता.
"पुढे?"